साखरेचा दुसरा अर्धा भाग

आमच्या कारखान्यात गोळी पास झाली की नाही, हे ठरवायचा अधिकार माझ्या प्रयोगशाळेला नाही आणि माझ्या थोरल्या भावाच्या अनुभवालाही नाही. तो घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आहे. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गोळ्या-टॉफ्यांचा कारखाना काढला तेव्हाच हा नियम करून ठेवला. नव्या गोळीचा पहिला घाणा निघाला की घरातलं शेंडेफळ स्टुलावर उभं करायचं, त्याच्या तोंडात गोळी घालायची आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. "कशी लागली?" असं विचारायचं नाही. पोरानं हात पुढे करून "अजून एक" म्हटलं की गोळी बाजारात जाणार, नाही म्हटलं तर परत कढईत. लहानपणी मी सात गोळ्या पास केल्या आणि दोन नापास. त्या दोन नापास गोळ्या दादाच्या होत्या आणि तो टोमणा मी आजही ऐकते.

मग दादाला मुलगी झाली आणि स्टूल तिच्याकडे गेलं. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे तिला मिरी म्हणतात, कारण इतक्या गोडाच्या घरात ही एवढीशी पोर गोडाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. दीड वर्षाची असताना पहिल्यांदा स्टुलावर उभी केली, तर गोळी थुंकून दिली आणि मग भडाभडा ओकली. आम्ही हसलो. तिसऱ्या वर्षीही तेच झालं तेव्हा दादा हसला नाही. पाचव्या वर्षापासून मिरी हुशार झाली होती. गोळी गालात धरायची, खाली उतरायची आणि पळून जायची. "अजून एक" मात्र तिने एकदाही म्हटलं नाही. दादा भट्टीवरच्या काकांना म्हणायचा, "माझ्याच पोरीला माझं काम आवडत नाही, आता काय बोलायचं?" तो विनोदानं म्हणायचा, पण त्याला ते लागलेलं असायचं.

मी त्या कारखान्याची केमिस्ट. तीस वर्षं मी साखर उकळते, मोजते, फोडते आणि जोडते. लग्न केलं नाही, स्वभाव तापट आहे आणि माझं म्हणणं खोडून काढलेलं मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या तिन्हींपैकी शेवटच्या दोन गोष्टींचा हात आहे.

मिरी सात वर्षांची झाली तरी अंगानं पाच वर्षांची दिसायची. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. खायची काय, तर भात, पाव, उकडलेला बटाटा, अंडं, आणि दूध पेल्यावर पेले. फळ दाखवलं की पळायची. एक गंमत मात्र होती. आमच्या घरात प्रत्येकाच्या तोंडात चांदी भरलेली आहे, आमच्या दातांच्या डॉक्टरांचं घर आम्हीच चालवतो म्हणा ना. मिरीचे दात मात्र मोत्यांसारखे होते, एकालाही कीड नाही. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. "गोळीवाल्यांची मुलगी आणि असे दात!" म्हणून आम्ही आठवडाभर हसत होतो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

एके दिवशीची गोष्ट. दुपारी मी कोठारात गेले, तर ग्लुकोजच्या पावडरचं पोतं कोपऱ्यात फोडलेलं आणि मिरी बोट ओलं करकरून पावडर चाटत बसलेली. ओठांवर पांढरी मिशी.

"मिरे! हे काय चाललंय?"

ती दचकली, पण पळाली नाही. "आत्या, ही चालते मला. हिच्यानं पोटात दुखत नाही."

"अगं, हीसुद्धा साखरच आहे!"

"नाही. ही वेगळी आहे."

"तू मला शिकवणार? मी तीस वर्षं हेच करतेय. ग्लुकोज काय, साखर काय, सगळं एकाच घरातलं. हे चाटता येतं आणि गोळी खाल्ली की पोट दुखतं? खोटारडी कुठली!"

 मिरीने हात फ्रॉकला पुसले आणि निघून गेली. मी मात्र गप्प बसले नाही. संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की पोरीची चोरी पकडली, हिला गोड चांगलं पचतं, इतकी वर्षं नाटक करत होती. वहिनीचा घास हातातच राहिला. ती हळूच म्हणाली, "वन्सं, तिला खरंच घाम फुटतो हो. हात थरथरतात. मी पाहिलंय."

"वहिनी, ग्लुकोज पचतं आणि साखर पचत नाही, असं होत नसतं," मी म्हणाले. विषय संपला. कारण शिकलेली मी होते.

दादाने दुसऱ्या दिवसापासून ताकदीचं टॉनिक सुरू केलं. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे, तो स्वतः समोर उभा राहून पाजायचा. त्याला पोरगी धष्टपुष्ट व्हायला हवी होती, यात त्याचा काय दोष? पण मिरी दिवसेंदिवस उतरत गेली. शाळेतून येऊन झोपायची. मग ताप आला, उलट्या सुरू झाल्या. तापाचं गुलाबी, गोड औषध तिने भिंतीवर थुंकलं, तेव्हा नाक दाबून पाजलं गेलं. नाक दाबणारे हात माझे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हाकेला ओ देईना. आम्ही तिला इस्पितळात हलवलं.

तिथे बोटाला सुई टोचून पाहिलं, तर रक्तातली साखर फार खाली गेलेली. तिला थोडी शुद्ध आली तेव्हा दादाने धावत जाऊन सफरचंदाचा रस आणला आणि नर्सनं तो घोट घोट पाजला. अर्ध्या तासानं पोरगी घामानं चिंब. पुन्हा सुई टोचली, तर साखर आणखी घसरलेली! नर्सनं यंत्र बदलून पाहिलं. दुसऱ्या यंत्रानंही तेच सांगितलं. मग घाईघाईनं ग्लुकोजची सलाईन लावली आणि दोन तासांत मिरीने डोळे उघडून दूध मागितलं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या की यकृत दोन बोटं वाढलंय, कशानं ते कळत नाही, बघू. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "आता बरी दिसतेय. चार वाजता सलाईन काढू आणि तोंडानं सुरू करू. रस, औषध, टॉनिक, सगळं."

आमचा जीव भांड्यात पडला. मी कारखान्यात गेले, कारण एक दिवस मी नाही तर तिथे काय होतं हे मला ठाऊक होतं. आणि तसंच झालं होतं.

"बाई, लिंबाच्या गोळ्या बिघडल्या," भट्टीवरचे काका दारातच म्हणाले. "हाताला सोडत नाहीत. कागदाला चिकटल्या सगळ्या."

"आम्ल कधी घातलंत?"

"तुम्ही नव्हतात, म्हणून जरा आधीच..."

झालं. काकांना मी लहानपणापासून ओळखते, त्यांच्या मांडीवर खेळले आहे, पण त्या क्षणी मला काही सुचलं नाही. दोन दिवसांची धास्ती त्यांच्यावर निघाली. "काका, किती वेळा सांगू? साखर म्हणजे एक वस्तू नव्हे! ती दोघांची जोडी आहे. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज, हात धरून उभी. आम्ल लवकर पडलं की हात सुटतात. सगळी साखर फुटते आणि त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढत बसतं, म्हणून गोळी चिकटते. ग्लुकोज बिचारं काही करत नाही. त्रास देतं ते दुसरं अर्धं!"

मी तिथेच थांबले. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"काका," मी म्हणाले, "मी गाढव आहे."

काकांनी नकार दिला नाही.

प्रयोगशाळेत जाऊन मी कागद घेतला आणि मिरीचं सगळं खाणं लिहून काढलं, जसा मी मालाचा तपास लिहिते तसं. भात, पाव, बटाटा: पिष्ट, म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. दूध: त्यातल्या साखरेतही एक ग्लुकोज आणि त्याचं एक वेगळंच भावंड, पण फ्रुक्टोज नाही. पोत्यातली पावडर: निव्वळ ग्लुकोज. ती वहीच्या पानांचे कोपरे चघळायची तेही लिहिलं. कागदसुद्धा ग्लुकोजचाच बनलेला, फक्त त्याच्या कड्या अशा उलटसुलट जोडलेल्या की माणसाच्या पोटाला त्या सुटत नाहीत. दुसऱ्या बाजूला गोळ्या, टॉफ्या, मध, फळं, रस, टॉनिक आणि तापाचं गुलाबी औषध. त्या बाजूच्या एकूण एक वस्तूत फ्रुक्टोज होतं. सात वर्षांच्या पोरीने जिभेनं आणि पोटानं जी यादी केली होती, ती मी तीस वर्षांच्या शिक्षणानं खोटी ठरवली होती.

तेवढ्यात वहिनीचा इस्पितळातून फोन आला. मिरीचे कपडे नेण्यासाठी ती मधे घरी जाऊन आली होती. थंडीच्या बुटांत मोजे शोधायला हात घातला, तर बूट गोळ्यांनी गच्च भरलेले. गेल्या दोन वर्षांत तिला दिलेल्या सगळ्या गोळ्या. आधीच्या चोखून कागदात गुंडाळलेल्या, नंतरच्या तशाच, कोऱ्या.

"फेकून का नाही दिल्या हो तिने?" वहिनी रडत होती.

मला कारण ठाऊक होतं. गोळी फेकणं आमच्या घरात पाप आहे आणि ते मीच तिला शिकवलं होतं.

माझा माझ्या तोंडावर आता विश्वास राहिला नव्हता. म्हणून मी नळ्या काढल्या. मधात भेसळ आहे का ते बघायला माझ्याकडे एक आम्लाचं द्रावण असतं. फ्रुक्टोज असलेली वस्तू त्यात टाकून नळी उकळत्या पाण्यात धरली की दोन-तीन मिनिटांत लालभडक होते. ग्लुकोज त्यात तेवढ्या वेळात काही रंग दाखवत नाही. एका नळीत पोत्यातली पावडर घातली, दुसरीत दादाने आणला तसलाच सफरचंदाचा रस. घड्याळ लावलं. दुसरी नळी लाल होत गेली आणि पहिली पाण्यासारखी राहिली. बुचं लावली, नळ्या चहाच्या मगमध्ये कापूस कोंबून उभ्या केल्या आणि कारखान्याच्या गाडीत बसले. साडेतीन झाले होते.

इस्पितळात पोहोचले तेव्हा दादा हातात रसाचा पेला घेऊन खाटेजवळ बसला होता आणि नर्स सलाईनची नळी बंद करत होती.

"थांबा!" मी ओरडले. सगळा वॉर्ड माझ्याकडे वळला. "तो पेला खाली ठेव, दादा."

"तुझं काय बिनसलंय?"

"खाली ठेव म्हणते ना!"

डॉक्टरबाई आल्या. मी एका दमात सगळं बोलले. यादी दाखवली, बुटांचं सांगितलं, मगमधल्या नळ्या पुढे केल्या. "ही बिनरंगी ती चोरून खाते. ही लाल आम्ही तिला मारून मुटकून पाजतो. काल रस पाजल्यावर साखर घसरली आणि सलाईननं चढली. सलाईनमध्ये फक्त ग्लुकोज असतं ना? मी डॉक्टर नाही. मी गोळ्या करणारी बाई आहे आणि तीन आठवड्यांपूर्वी मी चुकले आहे, तेव्हा आताही चुकत असेन. पण तपासल्याशिवाय तो रस पाजू नका. पाया पडते."

मी कुणाच्या पाया पडत नाही. दादाने पेला खाली ठेवला, तो त्यामुळेच असावा.

डॉक्टरबाईंनी लाल नळी उजेडात धरून पाहिली. मग मिरीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आ कर बघू." मिरीने आ केला. त्या बराच वेळ एकेक दात बघत होत्या.

"एकही किडका नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "मी असं फक्त वाचलंय, बघितलं कधी नाही. यकृतात एक एन्झाइम असतं, ते फ्रुक्टोजचे तुकडे करतं. काही मुलांत ते जन्मापासून नसतं. मग फ्रुक्टोज अर्धवट अवस्थेत यकृतात अडकून बसतं. यकृतात ग्लुकोजचा साठा असतो, आपली कोठीच म्हणा. हे अडकलेलं सामान त्या कोठीचं दार अडवतं. बाहेरून साखर पाजत राहिलो तरी आतून येणारी बंद होते आणि रक्तातली साखर कोसळते. यकृतही हळूहळू खराब होत जातं."

"म्हणजे तिला..." दादा म्हणाला.

"रक्त तपासायला पाठवू, तेव्हा पक्कं कळेल. तोवर फळ, साखर, मध, गोड औषध, काही नाही. सलाईन राहू दे." मग त्या मिरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "अशी बरीच मुलं लहानपणीच दगावतात. ही वाचली, कारण हिने ऐकलं नाही तुमचं."

दादा बाहेर गेला. मी मागोमाग गेले, तर जिन्याच्या कठड्याला धरून उभा.

"तूच म्हणालीस ना, नाटक करते म्हणून?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"हो."

"आणि मी चमचा धरून पाजत होतो."

"नाक मी दाबलं होतं, दादा."

त्याने कठडा सोडला. "चल," तो म्हणाला, "आत वाट बघत असेल ती." एवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

मी खाटेवर बसले. मिरी जागी होती.

"मिरे, तू खोटं बोलत नव्हतीस. ती पावडर वेगळीच आहे. मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही. चुकलं माझं."

तिने विचार केला. "मी सांगितलं होतं तुला."

"हो गं राणी, सांगितलं होतंस."

"मग आता पोतं फोडलं तर रागावणार नाहीस?"

"तुझ्यासाठी वेगळं पोतं आणते," मी म्हणाले आणि मग मला रडू आवरेना. तीच माझी पाठ थोपटत बसली.

पाच आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरबाईंचं खरं ठरलं होतं. तोवर मात्र अहवालाची गरज उरली नव्हती. मिरीचं पोट आत गेलं होतं, गाल वर आले होते आणि बूट लहान होऊ लागले होते. फळं नाहीत म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या, त्याही मी वेष्टणावरचं अक्षर न् अक्षर वाचून देते. वहिनीने दुकानातल्या प्रत्येक डब्यावरचं बारीक लिखाण वाचायला चष्मा घेतला. आता तिला साखरेची अशी अशी नावं ठाऊक आहेत की माझीच परीक्षा घेते.

आणि मी एक नवी गोळी करायला बसले. फक्त ग्लुकोजची. सांगायला सोपं वाटतं, पण ग्लुकोज एकटं असलं की फार हट्टी. आधी पातळ ग्लुकोज कढईत आटवून पाहिलं, तर गोळ्या संध्याकाळपर्यंत एकमेकींना चिकटून एकच मोठी ढेप झाली. काका म्हणाले, "बाई, आम्ल मी घातलेलं नाही हं, आधीच सांगतो." शेवटी उकळणंच सोडलं. कोरडी पावडर, किंचित लिंबाचं आम्ल, सालीच्या तेलाचे चार थेंब आणि यंत्रात दाबून पाडलेल्या चपट्या वड्या.

स्टूल बाहेर काढायला दादा तयार नव्हता. "पुरे झालं ते आता," तो म्हणाला. पण मिरीच हट्टाला पेटली. घरात लहान तीच आहे, अधिकार तिचाच आहे, म्हणाली.

पहिली वडी तिने तोंडात धरली आणि म्हणाली, "खडू." दुसऱ्या घाण्याला म्हणाली, "औषध." तिसऱ्याला "बरी आहे," आणि आमच्या घरात यापेक्षा वाईट शेरा नाही. तीस वर्षांच्या अनुभवाला सात वर्षांच्या पोरीने तीनदा नापास केलं. पण खरं सांगते, दरवेळी मला आनंदच झाला. ती चव घेत होती. सुटका करून घ्यायला पळत नव्हती.

चौथा घाणा शनिवारी सकाळी निघाला. काका, वहिनी, दादा आणि मी, सगळे भिंतीला टेकून उभे. मिरी स्टुलावर चढली. वडी तोंडात टाकली. एका गालातून दुसऱ्या गालात नेली. आणखी वेळ गेला.

"कशी लागली?" दादाला राहवलं नाही.

"शू! नियम आहे," काका म्हणाले.

वडी पूर्ण विरघळली तेव्हा मिरी काही न बोलता स्टुलावरून खाली उतरली. दादाने मान खाली घातली. मी मनातल्या मनात तेलाचे थेंब पुन्हा मोजायला लागले. तेवढ्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"अजून एक."

घाईत माझ्याकडून तिच्या तळव्यावर एकाऐवजी दोन पडल्या. तिने दोन्ही खाल्ल्या.